आधी विचार, वाजवणार कोण?

ताई,

मी ३३ वर्षांची, मूळची डोंबिवलीची. लहानपणी हार्मोनियम, मग पियानो, ट्रिनिटीच्या परीक्षा, आणि पुढे अमेरिकेत येऊन पाश्चात्त्य संगीतरचनेत डॉक्टरेट. गेल्या मे महिन्यात ती पूर्ण झाली. सध्या दोन कॉलेजांत ॲडजंक्ट म्हणून, म्हणजे कंत्राटावर, शिकवते, रविवारी एका चर्चमध्ये पियानो वाजवते. जूनमध्ये माझं ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती परवानगी, संपतंय.

हातात एक नोकरी आली आहे. कॅन्सस सिटीपासून दीड तासावरच्या गावातलं छोटं सरकारी विद्यापीठ, टेन्युअर ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारी जागा. पण दर सत्रात चार कोर्स: पहिल्या वर्षाची थिअरी, कानाच्या तयारीचा वर्ग, संगणकावरचं संगीत आणि 'जगभरचं संगीत'. रचना शिकणारी मुलं दोनच. बाकी सगळे ट्रम्पेट, क्लॅरिनेट वाजवणारे. मुलाखतीत त्यांनी विचारलं, रागसंगीतावर एखादा कोर्स घ्याल ना? हार्मोनियमच्या दोन परीक्षांपलीकडे मी राग शिकलेले नाही, हे सांगायचं धाडस झालं नाही.

अंधेरीतला एक मित्र वेब सिरीजचं पार्श्वसंगीत करतो. तो म्हणतो, ये इकडे, काम भरपूर आहे. माझे प्रोफेसर म्हणायचे, शिकवायला लागलं की कंपोजर संपतो. आई म्हणते, एवढं शिकून शेवटी क्लासच घ्यायचे होते तर डोंबिवली काय वाईट होती? दोन आठवड्यांत उत्तर द्यायचंय. काय करू?

— स., ओहायो

प्रिय स.,

नोकरी घे. सही करण्याआधी मात्र काही गोष्टी मागून घे, त्याही लेखी. कारणं आणि मागण्या खाली लिहिते. तू घाईत आहेस म्हणून उत्तर आधी दिलं.

सुरुवात आईपासून करू, कारण तिचा प्रश्न तुझ्या प्रोफेसरांच्या वाक्यापेक्षा खरा आहे. आपल्याकडे बंदिश बांधणारा बहुतेक वेळा स्वतःच गाणारा असतो. कुमार गंधर्वांना बंदिश सुचली की ती लोकांपुढे न्यायला दुसरं कोणी लागत नसे, गळा त्यांचाच होता. तुझ्या विद्येत तसं नाही. तू कागदावर लिहितेस, आणि दुसऱ्या कोणीतरी तो कागद पुढ्यात घेऊन, तालमी करून वाजवला तरच त्याचं संगीत होतं. तोवर ती संगणकातली एक फाइल. ऑर्केस्ट्रासाठी दहा मिनिटांचं काही लिहिलंस तरी साठ-सत्तर माणसं, कंडक्टर, सभागृह आणि तालमींचे तास लागणार. डोंबिवलीत क्लास काढून पैसे मिळाले असते, कदाचित जास्तही मिळाले असते. ही माणसं मिळाली नसती. आईला एवढंच सांग, की मी क्लास घ्यायला राहत नाही, वाजवणारे आहेत म्हणून राहते. पटेलच असं नाही. माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नव्हतं.

आता प्रोफेसर. तीस वर्षं पगार, आरोग्यविमा, निवृत्तीची सोय, दर सातव्या वर्षी सबॅटिकलची पगारी रजा असं सगळं पदरात पाडून मग 'शिकवलं की कंपोजर संपतो' म्हणणाऱ्यांची एक जमातच असते. मीही अशाच एका विद्यापीठात थिअरी शिकवली आहे, निवड समित्यांवर बसले आहे, त्यामुळे हे वाक्य मला सगळ्या चालींत पाठ आहे. संपलेले कंपोजर मी पाहिले. पण ते शिकवून संपले असं मला वाटत नाही. आपली रचना कोण वाजवतंय, हे बघायचंच त्यांनी सोडलं होतं.

कोण वाजवतंय, कोण ऐकतंय याची फिकीर न करण्याचं हे खूळ कुठून आलं तेही माहीत असू दे. प्रिन्स्टनमध्ये शिकवणारे मिल्टन बॅबिट यांनी १९५८ साली 'हाय फिडेलिटी' मासिकात एक लेख लिहिला. मथितार्थ असा, की आजची रचना ही उच्च गणितासारखी तज्ज्ञांची बाब झाली आहे. गणितज्ञाला सामान्य माणसाची वाहवा लागत नाही, मग कंपोजरला का लागावी? विद्यापीठानं त्याला आसरा द्यावा आणि त्यानं तिथे निवांत काम करावं. लेख त्या काळी खूप गाजला, त्याला शिव्याही खूप पडल्या. माझ्या मते त्यातला अर्धा भाग बरोबर होता. विद्यापीठानं आसरा द्यावा हे खरंच. निवांतपणा मात्र रचनाकाराला मानवत नाही. गणितज्ञाला सिद्धता मांडायला फळा पुरतो, तुला व्हायोलिनवाली लागते.

आणि आसराही आपोआप मिळत नाही, तो वाचून-तपासून घ्यावा लागतो. आर्नोल्ड शोनबर्गचं उदाहरण मी नोकरी लागलेल्या प्रत्येक मुलाला सांगत असे. विसाव्या शतकातल्या संगीताची दिशा बदलणारा हा माणूस नाझींमुळे १९३३ मध्ये युरोप सोडून अमेरिकेत आला आणि १९३६ पासून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूसीएलए) शिकवू लागला. १९४४ साली सत्तर वर्षं झाली म्हणून निवृत्त करण्यात आलं. नोकरी आठच वर्षांची, म्हणून पेन्शन बसलं महिन्याला ३८ डॉलर. घरात तीन लहान मुलं. पुढच्या वर्षी त्यानं अर्धवट राहिलेला ऑपेरा पुरा करायला गुगेनहाइम फाउंडेशनकडे शिष्यवृत्ती मागितली. ती नाकारली गेली. तो घरी शिकवण्या घेत राहिला, आणि १९५१ मध्ये वारला तेव्हा तो ऑपेरा, 'मोझेस उंड आरोन', अपुराच होता. तर विद्यापीठानं पाठवलेलं ते कंटाळवाणं लाभांचं पुस्तक आधी वाच. निवृत्तीच्या खात्यात ते किती घालतात, तू किती घालायचे आणि किती वर्षांनी ते पैसे पूर्ण तुझे होतात, एवढं तरी.

विद्यापीठाबाहेर राहिलेल्यांची नावं तुला लोक सांगतील. चार्ल्स आइव्ह्ज विम्याचा धंदा करायचा. पैशाला तोटा नव्हता, पण त्याची तिसरी सिम्फनी पहिल्यांदा वाजली १९४६ साली, तेव्हा तो सत्तरीच्या पुढे होता. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. मधली साडेतीन-चार दशकं ती पडून होती, कारण त्याच्या आसपास वाजवणारं कोणी नव्हतं. फिलिप ग्लासची गोष्ट उलटी. तो नळदुरुस्ती करायचा, टॅक्सी चालवायचा. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्याचा ऑपेरा होऊन गेल्यावरसुद्धा टॅक्सी सुटली नव्हती. पण त्यानं स्वतःचा वाद्यवृंद उभा केला होता. त्यामुळे लिहिलं की ते वाजत होतं. शिवाय ग्लासला व्हिसा लागत नव्हता. तुला लागतो.

तेव्हा व्हिसाचं लगेच बोलून टाकते. संगीतरचना स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित, या विषयांत मोडत नाही, म्हणून तुला ओपीटी बारा महिन्यांचंच. ॲडजंक्टसाठी कॉलेजं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या खटाटोपात सहसा पडत नाहीत. पूर्णवेळ नोकरी असेल तर पडतात, आणि विद्यापीठांना त्या व्हिसाची वार्षिक मर्यादा आणि तिच्यासाठीची लॉटरी लागू नाही, हा तुझा मोठा फायदा. ग्रीन कार्डसाठीही शिक्षकांना एक वेगळी वाट आहे. तिचा अर्ज निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत जावा लागतो. भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे ते तुला माहीतच आहे, म्हणजे त्या रांगेत जितकं लवकर उभं राहशील तितकं बरं. हे नियम सारखे बदलतात. माझ्यावर विसंबू नकोस, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाशी बोल आणि 'आम्ही हा खर्च करू' हे पत्रात घालून घे.

आता मुद्द्यावर येते. किर्लोस्कर मंडळीनं १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आणलं, तेव्हा चाली गोविंदराव टेंब्यांच्या होत्या आणि कोणाच्या गळ्यासाठी बांधतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. समोर बालगंधर्व होते. चांगला संगीत विभाग रचनाकाराला असाच उपयोगी पडतो, जणू एक नाटक कंपनी पदरी असावी तसा. तू मला कोर्स लिहिलेस, विद्यार्थी लिहिलेस, गाव किती लांब ते लिहिलंस. पियानो कोण शिकवतं, गाणं कोण शिकवतं, ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाल्यांच्या बँडचा कंडक्टर कसा आहे, यातलं एक अक्षर नाही!

जॉर्ज क्रम बघ. १९५९ मध्ये तो बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात लागला तेव्हा त्याच्या वाट्याला आलं होतं पियानो शिकवणं. फार कोणी त्याला ओळखत नव्हतं. त्याच विभागात डेव्हिड बर्ज नावाचा पियानिस्ट होता, नवं संगीत मनापासून वाजवणारा. क्रमनं १९६२ मध्ये त्याच्यासाठी पियानोचे पाच तुकडे लिहिले. पियानोच्या आत हात घालून तारा छेडायच्या, दाबायच्या, ही क्रमची पुढे जगभर गाजलेली शैली त्या तुकड्यांत उमटू लागली होती. दहा वर्षांनी, तोवर क्रम पेन्सिल्वेनिया विद्यापीठात गेलेला होता आणि पुलित्झरही मिळून झालं होतं, त्यानं 'माक्रोकॉसमॉस' या पियानोरचनेचा पहिला खंड लिहिला तो पुन्हा बर्जसाठीच. छोट्या हुद्द्याच्या नोकरीत, शेजारच्या खोलीतला एक माणूस. बोल्डरनं क्रमला आणखी काय दिलं ते मला ठाऊक नाही, पण बर्ज दिला.

जेनिफर हिग्डनची गोष्ट तर थेट तुझ्या तक्रारीचं उत्तर आहे. ती ओहायोतल्याच बोलिंग ग्रीन विद्यापीठात बासरी शिकत होती, रचनेकडे वळली तीही विशीत, आपल्या हिशोबानं उशिराच. तिथे रॉबर्ट स्पॅनो नावाचा तरुण कंडक्टर शिकवायचा. पुढे ती फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागली. २००० साली कर्टिसच्या पंचाहत्तरीनिमित्त तिची 'ब्लू कथीड्रल' पहिल्यांदा वाजली. वाजवणारा ऑर्केस्ट्रा विद्यार्थ्यांचा आणि कंडक्टर तोच स्पॅनो. आज ती रचना अमेरिकेत सगळ्यात जास्त वाजणाऱ्या समकालीन ऑर्केस्ट्रा रचनांपैकी आहे. कर्टिसमध्ये हिग्डन वादक मुलांना विसाव्या शतकातल्या संगीताचा वर्ग शिकवायची. रचनेचा वर्ग नव्हे हा, वादकांनी करायचा एक कोर्स. त्या वर्गात व्हायोलिन वाजवणारी एक मुलगी बसायची, हिलरी हान. पुढे त्या मुलीसाठी हिग्डननं व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकटं व्हायोलिन पुढे, मागे ऑर्केस्ट्रा) लिहिला आणि २०१० चं पुलित्झर त्याला मिळालं.

तू मात्र ट्रम्पेटवाल्या मुलांना थिअरी शिकवायची म्हणून नाक मुरडते आहेस.

तुझं विद्यापीठ कर्टिस नाही, हे मलाही कळतं. तिथे हिलरी हान येणार नाही. पण तिथे जे येतील ते बहुतेक संगीतशिक्षणाची पदवी घेऊन आसपासच्या शाळांमध्ये बँडमास्तर होतील, आणि अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांचे बँड हा नव्या संगीताचा सगळ्यात भुकेला गिऱ्हाईक आहे. ऑर्केस्ट्राला बेटोव्हेन-ब्राम्स वाजवले तरी हंगाम भरतो. बँडला तसा जुना खजिना नाही, म्हणून त्यांना सतत नवं लागतं. दहा-वीस बँड मिळून थोडे थोडे पैसे घालतात, एका कंपोजरला काम देतात आणि मग सगळे ती रचना वाजवतात, ही पद्धत तिथे चांगली रुळली आहे. एका रचनेचे एकाच वर्षात वीस प्रयोग! तुझ्या डॉक्टरेटच्या ऑर्केस्ट्रा रचनेचा एक तरी झाला का? बहुधा एक वाचन-तालीम झाली असेल, तीही वीस मिनिटांची. म्हणून मध्यम पातळीच्या, म्हणजे शाळेच्या चांगल्या बँडला झेपेल अशा रचना लिहायला शिक. हे डॉक्टरेटमध्ये कोणी शिकवत नाही. तिसऱ्या क्लॅरिनेटवाल्या पोराला कंटाळा न येता वाजवता येईल असं लिहिणं फार अवघड असतं. तुझ्या वर्गातली मुलं तुला पहिल्याच सत्रात सांगतील काय वाजतं आणि काय वाजत नाही.

गावाचं म्हणशील, तर दीड तास म्हणजे काही वनवास नाही. कॅन्सस सिटीला मोठा सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. तिथल्या मिसूरी विद्यापीठात १९९८ पासून चेन यी यांनी रचना शिकवली आहे, आणि त्यांचे पती झोउ लाँग यांनीही. झोउ यांना २०११ चं पुलित्झर मिळालं ते तिथे असतानाच. चीनमधून आलेली दोन माणसं अमेरिकेच्या मध्यभागी बसून जगभर वाजतात, हे लक्षात ठेव. आपल्या नावाचा माणूस हवा असेल तर शिरीष कोरडे आहेत. ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या होली क्रॉस कॉलेजात अनेक दशकं शिकवत होते. ते काही संगीताचं नामांकित विद्यालय नाही. पण बॉस्टन तासाभरावर, आणि तिथला 'बॉस्टन म्युझिका व्हिवा' हा वाद्यवृंद त्यांच्या रचना वाजवत आला. राहायला गाव लहान आणि वाजवायला शहर जवळ, ही सोय वाईट नाही. तुझी गाडी मात्र धड हवी.

आता मागण्या. चार-चार कोर्सचा भार जड आहे, त्यात गोड शब्द नाहीत. आठवड्याला बारा तास वर्ग, शिवाय कानाच्या वर्गाच्या वह्या. तो वर्ग बऱ्याच ठिकाणी हिशोबात कमी धरतात आणि शिकवायला मात्र पुरा लागतो, तेव्हा तुमच्याकडे तो कसा मोजतात, हे विचार. दोन रचना-विद्यार्थ्यांचे एकेकट्याचे तास भारात धरलेत की वरकड, तेही विचार. पहिल्या दोन वर्षांत निदान एका सत्रात एक कोर्स कमी कर म्हणावं. मी समितीत असताना ही मागणी आली की आम्ही डीनकडे जायचो, आणि पुष्कळदा ती मान्य व्हायची. न मागणाऱ्याला कोणी आपणहून दिल्याचं आठवत नाही. पगार पाचशे डॉलरनं वाढवून घेण्यापेक्षा रेकॉर्डिंगसाठी आणि वादकांच्या मानधनासाठी थोडा निधी माग, तो तुझ्या जास्त कामाचा. रचनांचे हक्क तुझ्याकडेच राहतात ना, हे धोरणात बघून घे. बहुतेक ठिकाणी राहतात, पण संगणक संगीताच्या विभागात विद्यापीठाची साधनं वापरली की कधी कधी फाटे फुटतात.

टेन्युअरचे निकष लेखी माग. तुला यातलं थोडं माहीत असेल, वाचकांसाठी सांगते: साधारण सहाव्या वर्षी तुझी फाइल उघडतात, बाहेरच्या विद्यापीठांतल्या कंपोजरांची मतं मागवतात, आणि मग एक तर नोकरी कायम होते किंवा वर्षभराची मुदत देऊन निरोप. शास्त्रज्ञाचे शोधनिबंध मोजतात तसे तुझे प्रयोग, कोणी मागवून घेतलेल्या रचना, रेकॉर्डिंग मोजणार. इथे एक खड्डा आहे. फाइलमध्ये पहिल्या प्रयोगाला भाव असतो, दुसऱ्या-तिसऱ्याला फारसा नाही. म्हणून माणसं दरवर्षी पाच नव्या रचना लिहितात, प्रत्येक एकदा वाजते आणि विसरली जाते. सहा वर्षांनी टेन्युअर मिळते आणि हातात तीस अनाथ रचना असतात. तू उलटं कर. वर्षाला दोनच लिही, पण त्या पुन्हा पुन्हा वाजतील असं बघ. बाहेरचे परीक्षक काही मूर्ख नसतात, आठ ठिकाणी वाजलेली रचना त्यांना दिसते. आणि प्रवेशशुल्क घेणाऱ्या स्पर्धांना पैसे पाठवणं आजपासून बंद. त्या पैशात गावातल्या सेलोवालीला जेवायला घाल.

रागाच्या कोर्सचं काय? खरं सांगून टाक. डीनला लिही, की मला रागसंगीत शिकवण्याइतकं येत नाही, 'जगभरचं संगीत' मी घेईन आणि त्यातल्या भारताच्या भागासाठी जाणकार पाहुणे बोलवेन, त्याचं मानधन तुम्ही द्या. आत्ता गप्प बसलीस तर सहा वर्षं तू त्या विभागाची सितार-तबला-समोसा प्रतिनिधी होशील, दिवाळीला साडी नेसून तानपुऱ्याशेजारी बसशील, आणि ते बघून खरंच राग शिकलेल्या माणसाला काय वाटेल याची कल्पना कर. पुढे शिकावंसं वाटलं तर रीतसर शिक. रीना इस्माइल अमेरिकेतच वाढलेली, जुलियर्ड आणि येलमध्ये शिकलेली. ती फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर २०११-१२ मध्ये भारतात येऊन हिंदुस्थानी संगीत शिकली. आज तिच्या कोरसच्या रचना खूप गायल्या जातात, आणि तिनं शिकवण्याची पूर्णवेळ नोकरी न धरता समूहगायक मंडळांशी नातं जोडून हे केलं. तोही मार्ग आहे. पण त्यासाठी आधी काही वर्षं हातात हवीत, आणि तुझ्या हातात जून आहे.

अंधेरी. मित्राचं काम हलकं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. वनराज भाटियांचं आयुष्य समोर ठेव. मुंबईचा हा माणूस लंडनच्या रॉयल अकादमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजेकडे शिकून परतला, १९६० ते ६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं, आणि जाहिरातींच्या हजारो जिंगल केल्या. बेनेगलांचे सिनेमे, 'तमस', राष्ट्रीय पुरस्कार, पद्मश्री, सगळं झालं. सिनेमातलं त्यांचं काम मला फार मोठं वाटतं. पण ज्यासाठी ते पॅरिसला गेले होते, ते मैफिलीचं संगीत या देशात वाजवणार कोण होतं? ऑपेरा ते उतारवयातही लिहीत होते. २०२१ मध्ये ते गेले. त्याआधी त्यांच्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. आता २००६ पासून मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, झाकीर हुसेन यांचा तबला कॉन्चेर्टो त्यांनी २०१५ मध्ये केला, परिस्थिती अगदी तशीच नाही. तरी एका ऑर्केस्ट्रावर तुझ्यासारख्या कितीजणी जगणार? वेब सिरीजचं काम उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथूनही करता येतं. फाइल पाठवायची, एवढंच. आधी विद्यापीठाचे बाहेरच्या कामाचे नियम आणि व्हिसाची अट तपास, मग मित्राला कळव.

एक शंका तू विचारली नाहीस, मीच काढते. शिकवणं तुला आवडतं का? पत्रात कुठे दिसलं नाही. बार्टोकनं आयुष्यभर रचना शिकवायला नकार दिला, बुडापेस्टच्या अकादमीत तो पियानोच शिकवत राहिला. रचना शिकवली की स्वतःची आटते, असं वाटणारे लोक असतात आणि त्यांचं चूक असतं असं नाही. गंमत म्हणजे त्या माणसांना तुझी ही नोकरी जास्त मानवली असती: रचनेचे विद्यार्थी दोन, बाकी थिअरी आणि कान. पण वर्गात उभं राहायचाच कंटाळा असेल, मुलांच्या चुकीच्या पाचव्या सुरावर जीव जळत असेल, तर बारा तास फार होतात आणि मुलांना ते पहिल्या आठवड्यात कळतं. तसं असेल तर मला परत लिही, माझं उत्तर बदलेल.

दोन आठवडे अपुरे वाटले तर आणखी एक माग, बहुधा मिळतो. डीनला लिहिण्याआधी तीन फोन कर: बँडच्या कंडक्टरला, पियानोच्या शिक्षकाला आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंना. पगाराचं बोलू नकोस. गेल्या दोन वर्षांत जिवंत कंपोजरचं काय वाजवलं, एवढंच विचार आणि मग ऐकत राहा. तिघांपैकी एकानं जरी 'तुमचं काही आहे का, पाठवा ना' म्हटलं, तर त्याच संध्याकाळी रचनेचा स्कोअर पाठव. तिघांनीही विषय बदलला, तर माझं पहिलं वाक्य खोडून टाक आणि लगेच कळव. जूनच्या आत अजून काय करता येईल ते बघू.